ग्रास कटरच्या गिअरबॉक्सचं ऑइल: कधी बदलायचं, कोणतं टाकायचं, कसं बदलायचं



*आजचा विषय: यंत्र सल्ला*
(संदेश मोठा आहे. जपून ठेवा. यंत्र चालवणाऱ्या माणसालाही वाचून दाखवा.)

पाऊस ओसरायला लागलाय. निफाड, दिंडोरी, चांदवड भागात गोडी छाटणीच्या आधी बागेतलं गवत कापण्याची शेवटची फेरी चालू आहे. कसमादे पट्ट्यात अर्ली छाटणी झालेल्या बागांमध्ये तर हे काम कधीच उरकलंय. आता ट्रॅक्टरमागचं गवत कापायचं यंत्र, म्हणजे रोटरी मोवर, बरेच जण शेडच्या कडेला लावून टाकतील आणि पुढच्या जूनपर्यंत त्याच्याकडे कोणी बघणार नाही. आपल्याकडे याला कोणी ग्रास कटर म्हणतं, कोणी स्लॅशर.

उभं करायच्या आधी एक काम करून घ्या. त्याच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदला.

ट्रॅक्टरच्या इंजिनाचं ऑइल आपण मीटर बघून वेळेवर बदलतो. ग्रास कटरला मीटर नाही आणि ऑइल संपल्याचा लाल दिवाही नाही. त्यामुळे त्याचा गिअरबॉक्स उघडला जातो तो बहुतेक वेळा आवाज यायला लागल्यावरच. तोपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं आणि कधी दातेही गेलेले असतात. छोट्या यंत्रात ऑइल लागतं साधारण लिटर-दीड लिटर. त्या लिटरभर ऑइलसाठी अख्खा गिअरबॉक्स घालवू नका.

*१. आत नेमकं काय चालतं?*

ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. तो आडवा फिरतो आणि पाती उभ्या शाफ्टवर फिरतात. ही दिशा काटकोनात वळवायचं काम गिअरबॉक्समधले क्राऊन-पिनियन करतात.

रोटाव्हेटरमध्ये गिअर वेग कमी करतात. ग्रास कटरमध्ये उलटं असतं, इथे वेग वाढवला जातो. बऱ्याच यंत्रांत तो दीडपट ते जवळपास दुप्पट होतो. म्हणजे ५४० चे पात्यांपाशी ८०० ते १,००० फेरे होतात. गवताच्या दाट पुंजक्यात किंवा दगडावर पातं आदळलं की तो झटका थेट दात्यांवर येतो.

दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून लोखंड लोखंडाला लागत नाही. हे ऑइल पंपाने फिरत नाही. खालचा गिअर ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो फिरताना ऑइल वर उडवतो आणि त्याच शिंतोड्यांवर वरचं बेअरिंग चालतं. म्हणून ऑइल थोडं जरी कमी झालं तरी आधी वरचं बेअरिंग कोरडं पडतं. खाली ऑइल दिसतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका.

*२. द्राक्षबागेत ऑइल लवकर का जातं?*

आपल्या बागेत तीन गोष्टी या गिअरबॉक्सच्या मुळावर येतात.

पहिली सुतळी. काडी बांधणीची सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे आणि तारेचे कात्रण गवतात पडलेले असतात. ते पात्याच्या शाफ्टला गुंडाळले जातात, हळूहळू वर सरकतात आणि ऑइल सीलची रबरी ओठं कापतात. तिथून ऑइल थेंब-थेंब गळतं, तेही पात्यांच्या मागे. यंत्र खाली टेकलेलं असताना ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. काम संपलं की गरम यंत्रावर फवारणीच्या पंपाची गन मारून धुवायची सवय आहे. गरम गिअरबॉक्सवर गार पाणी पडलं की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरची हवा आत खेचते. त्या हवेबरोबर झाकणातून आणि सीलमधून पाणीही आत जातं. यंत्र आधी गार होऊ द्या. धुताना धार सीलवर आणि वरच्या झाकणावर मारू नका.

तिसरी गोष्ट ब्रीदर. गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणात हवा बाहेर सोडायला बारीक छिद्र असतं. ते चिखलाने आणि गवताच्या भुशाने बुजतं. मग गरम झालेल्या हवेला जागा मिळत नाही, आत दाब वाढतो आणि तो दाब चांगलं सीलही गळायला लावतो. सील नवीन टाकूनही पुन्हा गळत असेल, तर आधी हे छिद्र तपासा.

*३. ऑइल कधी बदलायचं?*

▪️ नवीन यंत्र: पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं, बहुतेक पुस्तिकांमध्ये साधारण पहिल्या ५० तासांच्या आसपास. नवीन दाते एकमेकांत बसताना बारीक लोखंडी कीस निघतो, तो आत फिरत राहायला नको. महाडीबीटीवरून अनुदानात घेतलेल्या यंत्राबरोबर पुस्तिका आणि वॉरंटी कार्ड मिळालंय का ते बघा. तास त्यातलेच पाळा.

▪️ त्यानंतर: पुस्तिकेतले तास किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल ते.

तास मोजायचे कसे? ट्रॅक्टरचं मीटर बघायचं. ऑइल बदललं त्या दिवशीचं मीटर ग्रास कटरच्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवायचं. पण ट्रॅक्टर इतर कामालाही चालतो, म्हणून गवत कापणीचे तास वहीत वेगळे टिपा. समजा तुमची पाच एकर बाग आहे, एकरी एक तास लागतो आणि वर्षात सहा फेऱ्या होतात. म्हणजे ३० तास झाले. तेवढ्यात तुमचं वर्षातून एकदाचं वेळापत्रक पुरतं. पण यंत्र भाड्याने किंवा गटात फिरत असेल तर दोन महिन्यांतच शंभर तास होतील. मग वर्षाची वाट बघू नका.

▪️ उभं करायच्या आधी बदलणं का चांगलं? पाणी शिरलेलं ऑइल आठ महिने आत तसंच पडून राहिलं की बेअरिंगवर गंज चढतो. जूनमध्ये यंत्र जोडाल तेव्हा ते बेअरिंग खरखरायला लागेल. नवीन ऑइल टाकून उभं केलेलं यंत्र पुढच्या हंगामाला थेट जोडता येतं.

▪️ हंगामात: रोज सकाळी यंत्र गार असताना, सपाट जागेवर पातळी बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

*४. कोणतं ऑइल?*

आधी गिअरबॉक्सवरची पाटी आणि पुस्तिका बघा. त्यात जे लिहिलंय तेच टाकायचं. बहुतेक ग्रास कटरना ईपी ९० किंवा ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल चालतं. काही यंत्रांना जाड १४० नंबरचं सांगितलेलं असतं.

इथे एक गैरसमज सरसकट आहे. इंजिन ऑइलवर ४० लिहिलंय आणि गिअर ऑइलवर ९०, म्हणजे गिअर ऑइल दुपटीने जाड, असं वाटतं. तसं नाही. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. गरम झाल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. फरक आहे तो ‘ईपी’ या दोन अक्षरांत. ईपी म्हणजे जबर दाब सोसणारं. त्यात गंधकयुक्त घटक असतात. दाब इतका वाढला की ऑइलचा थर फाटतो, तेव्हा हे घटक दात्यांच्या पृष्ठभागावर आपला थर तयार करतात आणि दाते वाचवतात. गिअर ऑइलचा तो उग्र वास याच घटकांचा. इंजिन ऑइलमध्ये हे घटक त्या प्रमाणात नसतात. म्हणून ‘घरात उरलंय’ म्हणून इंजिन ऑइल टाकू नका.

▪️ ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल: पुस्तिकेत सांगितलं नसेल तर नको. ते सहसा पातळ असतं.

▪️ जीएल-४ की जीएल-५: डब्यावर हे लिहिलेलं असतं. जीएल-५ मध्ये दाबाचे घटक जास्त असतात, पण काही जीएल-५ ऑइल पितळी भागांना मानवत नाहीत. म्हणून ‘जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं’ असं धरू नका. पुस्तिकेतलंच घ्या.

▪️ ग्रीस: गळती लागली की गिअरबॉक्समध्ये ग्रीस कोंबायची पद्धत आपल्याकडे फार आहे. गळती थांबल्यासारखी दिसते. पण दाते ग्रीसमध्ये एक नाळ पाडतात, ग्रीस बाजूला सरतं आणि परत दात्यांवर येत नाही. वरच्या बेअरिंगपर्यंत तर ते पोचतच नाही. ग्रीसची जागा ग्रीस निप्पलमध्ये, गिअरबॉक्समध्ये नाही. पुस्तिकेतच पातळ ग्रीस सांगितलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

▪️ सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा घ्या आणि पावती ठेवा.

*५. आधी जीव, मग यंत्र*

५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरणं, ओढणी किंवा शर्टाची बाही पीटीओ शाफ्टमध्ये अडकली तर हात मागे घ्यायला एक सेकंदही मिळत नाही. म्हणून:

✔️ इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. ‘जरा चालू ठेव, बघतो’ हा प्रकार नको.
✔️ पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात.
✔️ पीटीओ शाफ्ट काढून ठेवा.
✔️ यंत्राखाली हात घालायचा असेल तर नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर उचलून ठेवू नका. खाली जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा. लिफ्ट केव्हाही खाली येते.
✔️ लहान मुलं लांब.

*६. ऑइल बदलायची पद्धत*

*एक:* यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालवून घ्या. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. उकळतं गरम असताना मात्र उघडू नका, हात भाजेल.

*दोन:* सपाट जागेवर लावा आणि वर सांगितल्याप्रमाणे सगळं बंद करा.

*तीन:* झाकणाभोवतीची माती ब्रशने आणि कापडाने पुसून काढा. ही माती आत पडली तर नवीन ऑइल पहिल्याच दिवशी खराब होतं.

*चार:* आधी *वरचं* भरायचं झाकण उघडा. ते उघडतंय याची खात्री झाल्यावरच खालचं खोला. गंजलेलं वरचं झाकण उघडलंच नाही आणि खालून ऑइल सांडून मोकळं झालं, तर यंत्र तिथेच अडकेल. शिवाय वरून हवा मिळाली की खालून ऑइल लवकर निघतं.

*पाच:* खाली जुनं घमेलं ठेवा आणि खालचा प्लग खोला. अर्धा तास निथळू द्या. बऱ्याच ग्रास कटरना खाली प्लगच नसतो, कारण तिथे पात्याचा शाफ्ट असतो. अशा वेळी वरच्या भोकातून नळी घालून हातपंपाने किंवा मोठ्या सिरिंजने ऑइल ओढून काढा. नळी तळाच्या सगळ्या कोपऱ्यांत फिरवा.

*सहा:* निघालेलं ऑइल लगेच फेकू नका. ते काय सांगतंय ते बघा (मुद्दा ७).

*सात:* डिझेलने आत धुवू नका. डिझेल कोपऱ्यात राहतं आणि नवीन ऑइल पातळ करतं. ऑइल फारच घाण असेल तर थोडं नवीन गिअर ऑइल टाका, शाफ्ट *हाताने* फिरवा आणि ते काढून टाका.

*आठ:* प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा कीस पुसून घ्या. वॉशर दबलेला असेल तर नवीन टाका. प्लग नीट कसा, पण पान्ह्याला पाइप लावून ताकद लावू नका. बिडाच्या बॉडीचे आटे गेले की दुरुस्ती महागात पडते.

*नऊ:* स्वच्छ नरसाळ्याने नवीन ऑइल भरा. बाजूला पातळीचा प्लग असतो, तो उघडा ठेवा. तिथून ऑइल ओघळायला लागलं की थांबा. जाड ऑइल खाली बसायला वेळ घेतं, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा बघा आणि कमी असेल तर भरा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडच्या थंडीत सकाळी हे काम काढलंत तर आणखी थोडा वेळ द्या.

बाजूचा प्लग नसेल तर काडीवरच्या खुणेपर्यंत भरा. *काठोकाठ भरू नका.* जास्त ऑइल घुसळलं जातं, त्याला फेस येतो, ते तापतं आणि शेवटी सीलमधूनच बाहेर येतं.

*दहा:* ब्रीदरचं छिद्र बारीक तारेने मोकळं करा, झाकण लावा.

*अकरा:* शाफ्ट जोडा, मोकळ्या जागेत कमी रेसवर पाच मिनिटं फिरवा. बंद करा, सगळं थांबलं की खाली गळतंय का बघा. गार झाल्यावर पातळी पुन्हा एकदा तपासा.

*७. जुनं ऑइल काय सांगतं?*

काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धरा.

🔸 *तपकिरी, पण स्वच्छ:* सगळं ठीक. पुढच्या वेळी याच अंतराने बदला.
🔸 *दुधाळ, चहासारखं:* पाणी शिरलंय. ऑइल बदला, ब्रीदर आणि सील तपासा. दहा तासांनी परत बघा. पुन्हा दुधाळ झालं तर सील बदलायलाच हवं.
🔸 *काळं, जळका वास:* जास्त तापलंय. ऑइल कमी होतं, जास्त होतं, चुकीचं होतं किंवा पाती बोथट असल्याने लोड जास्त येत होता. यातलं कोणतं कारण आहे ते शोधा.
🔸 *चकाकणारी बारीक धूळ:* थोडी असेल तर झीज म्हणून चालतं, नवीन यंत्रात जास्तच दिसते. जुन्या यंत्रात अचानक वाढली तर बेअरिंग तपासून घ्या.
🔸 *बोटाला लागतील असे तुकडे:* यंत्र चालवू नका. दाता किंवा बेअरिंग तुटलंय. नवीन ऑइल टाकून ‘हा हंगाम काढू’ म्हणालात तर तो तुकडा उरलेले दातेही खाईल.

काम चालू असताना गिअरबॉक्स हात ठेवता येणार नाही इतका गरम होऊ शकतो. पण यंत्र बंद करून वर पाण्याचा एक थेंब सोडला आणि तो चर्र करून उडाला, तर तापमान १०० अंशांच्या वर आहे. पुढे काम करू नका. गार झाल्यावर आधी पातळी बघा.

*८. गळती दिसली तर*

▪️ पात्याच्या शाफ्टभोवतीची सुतळी आणि तार रोज काढा. शाफ्टवर गुंडाळी राहू देऊ नका.
▪️ सील बदलायचं तर त्याचा नंबर जुन्या सीलवर असतो. ते बरोबर घेऊन दुकानात जा.
▪️ शाफ्टवर जिथे सील बसतं तिथे खाच पडली असेल तर नवीन सीलही गळेल. आधी शाफ्ट दुरुस्त करा.
▪️ पात्याचा मुख्य नट काढायचं काम मिस्त्रीकडूनच करून घ्या. तो ढिला राहिला तर पातं सुटून माणसाला लागू शकतं.
▪️ छाटणीच्या वेळी पडलेल्या सुतळ्या आणि नळीचे तुकडे पोत्यात गोळा करा. सील वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

*९. जुनं ऑइल टाकायचं कुठे?*

विहीर, ओढा, शेततळं, बांध यांच्या जवळ अजिबात ओतू नका. वाळवी लागू नये म्हणून मांडवाच्या लाकडांना आणि बांबूंना जुनं ऑइल लावायची पद्धत आहे, तीही बागेत नको. पावसाने ते मातीत उतरतं, आणि त्याच मातीतून आपण खायचा माल काढतो. चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका, धूर विषारी असतो.

वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, वर ‘जुनं ऑइल’ लिहा, मुलांपासून लांब ठेवा. जुनं ऑइल अधिकृत संकलकाकडे देणाऱ्या गॅरेजमध्येच जमा करा. पाणी, रॉकेल किंवा औषधाचा उरलेला द्राव त्यात मिसळू नका, नाहीतर ते पुन्हा शुद्ध करायला कोणी घेत नाही.

*१०. गटाचं किंवा भाड्याचं यंत्र*

चार जणांचं यंत्र असलं की ऑइल कोणीच बघत नाही, प्रत्येकाला वाटतं आधीच्याने बघितलं असेल. म्हणून एक वही यंत्राबरोबरच फिरू द्या. तारीख, किती तास चाललं, पातळी बघितली का आणि सही, एवढे चार रकाने पुरे. ज्याच्या ताब्यातून यंत्र पुढे जाईल त्याने पातळी दाखवूनच द्यायचं, आणि घेणाऱ्याने बघितल्याशिवाय जोडायचं नाही. यातून भांडणं वाचतात आणि यंत्रही वाचतं.

हीच पद्धत ब्लोअरच्या आणि रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सला लागू आहे. रोटाव्हेटरच्या बाजूच्या गिअर किंवा चेनच्या पेटीत ऑइल वेगळं असतं, ते विसरू नका.

*आज संध्याकाळी एवढंच करा:* यंत्र गार झाल्यावर पातळीचा प्लग उघडा, बोट घालून बघा. ऑइल बोटाला लागलं नाही, किंवा दुधाळ लागलं, तर उद्या यंत्र जोडू नका. आधी ऑइल बदला. शंका असेल तर बाटलीतल्या ऑइलचा फोटो उजेडात काढून याच क्रमांकावर पाठवा. फोटोबरोबर यंत्र किती वर्षांचं आहे आणि शेवटचं ऑइल कधी बदललं तेही लिहा.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी, यंत्र सल्ला विभाग, नाशिक